चौऱ्याहत्तर नंबरचा बाण

१४ एप्रिल, रविवार

प्रिय ग्रीट,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. सहा किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला बापाने पत्र लिहायचं म्हणजे गावाला फुकटची करमणूक. पण गावाला कळणार नाही, हे तुझी आई भाजीच्या पिशवीतून घेऊन येईल. मी म्हटलं मीच नेऊन देतो, तर म्हणाली, "तू नको. ती आत्ता वाफलचं पीठ फेटतेय, हातात डाव आहे."

आज नवी सायकलवाट उघडली. बँड होता, नगराध्यक्षाबाई होत्या, फीत होती, कात्री मात्र कोणी आणली नव्हती. शेवटी माझ्या दोस्ताच्या, हेर्मानच्या, खिशातल्या चाकूने फीत कापली. बागा अशा फुलल्या आहेत की जुन्या रेल्वेचा तो पट्टा दोन्ही बाजूंनी पांढरा झालाय. नाशपातीच्या बागांमधून निघायचं, ओढ्यावरच्या लोखंडी पुलावरून मळ्यांत उतरायचं, मग त्या खोल गेलेल्या गाडीवाटेच्या सावलीतून थेट किल्ल्याच्या तळ्यापाशी. एक मोटार नाही, एक ट्रक नाही. माझ्या वयाची माणसं बॅटरीच्या सायकलींवर जोडीजोडीने चालली होती आणि कोणी मागे वळून बघत नव्हतं. मागे बघायची गरज नसलेला रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. चौतीस वर्षं मी गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या, हे विसरू नकोस.

तू आली नाहीस. आईही आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. तिचे गुडघे अलीकडे वार पाहून दुखतात.

राग कशाचा ते मला ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर नंबरच्या खांबावरचा बाण गेल्या रविवारपर्यंत डावीकडे, तुझ्या कॅफेवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याकडे होता. आजपासून तो सरळ आहे. लोक घरून चिठोऱ्यावर खांबांचे नंबर लिहून निघतात आणि बाण दाखवेल तिकडे जातात. बाणाने तळ्यात जा म्हटलं तर तळ्यातही जातील. म्हणून तर बाण बरोबर असावा लागतो. या टापूतल्या खांबांची देखरेख करणारा पालक मी आहे, नगरपालिकेने माझं मत विचारलं आणि मी खरं ते लिहिलं. त्या रस्त्यावर फळांचे ट्रक धावतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी हेर्मानला तुझ्याच दारासमोर ट्रकने उडवलं. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तो आज काठी घेऊन चालतो. हे सगळं पाहून मी काय लिहायला हवं होतं?

तू म्हणालीस, "पा, ट्रक हलवा ना. माणसं कशाला हलवता?" बोलायला सोपं आहे.

समितीत एकाने विचारलं होतं, की मग तुमच्या मुलीच्या कॅफेचं काय? मी म्हटलं, तो प्रश्न इथे येत नाही. बरोबरच बोललो. ज्यांना तुझी कॉफी हवी आहे ते चार पावलं वाकडी करून येतील. राग ओसरला की कळव.

तुझा पा


२२ मे, बुधवार

प्रिय ग्रीट,

उत्तर नाही, पण बातमी आईकडून कळते. शनिवार-रविवारी तुझं अंगण पुन्हा भरतं म्हणे! चेरीचा टार्ट दुपारीच संपतो, आणि गेल्या रविवारी आईला स्वतः ट्रे घेऊन फिरावं लागलं. बघ, मी सांगत नव्हतो? चांगल्या जागेला बाणाची गरज नसते. आई म्हणाली, जागेचा करार आणखी नऊ वर्षांसाठी वाढवायचं तुझ्या मनात आहे. वाढव. मला विचारत नाहीस, तरी सांगतो.

माझं इकडे एका टवाळाने डोकं उठवलंय. चौऱ्याहत्तर नंबरचा बाण कोणीतरी फिरवतं. दर बुधवारी फेरीला जावं तर तो पुन्हा डावीकडे, जुन्या रस्त्याकडे. मी सरळ करून यायचं, पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. नुसत्या हाताने होणारं काम नाही हे, बोल्ट सैल करावा लागतो. आईला सांगितलं, तर पावाला सफरचंदाचा काकवीसारखा पाक लावता लावता म्हणाली, "वारा असेल."

"बोल्ट उघडणारा वारा?" मी म्हटलं.

"आपल्याकडचा वारा काय सांगावा," म्हणाली आणि पाकाची बाटली माझ्यापुढे सरकवली.

बाई विनोदी झाली आहे म्हातारपणी. एरवी मात्र छान चाललंय तिचं. शनिवारी सकाळी गुडघे विसरून सायकल काढते आणि तुझ्याकडे निघते. मी हात करतो. ती पण करते.

तुझा पा


१६ जून, रविवार

प्रिय ग्रीट,

टवाळाला मी पाणी पाजलं आहे. बोल्टला असा गोंद लावलाय की आता तो बापजन्मात फिरणार नाही. शिवाय मी आता शनिवारी आणि रविवारीही फेरी मारतो. घेंटहून आलेल्या एका कुटुंबाने तक्रार केली होती, की बाणामुळे ते पोरांसकट ट्रकांच्या रस्त्यावर गेले. अंगावर काटा आला वाचून. नगरपालिकेच्या पत्रकात माझा फोटो आलाय, खांबाला धरून उभा आहे. तुला वेळ असेल तर बघ. आईने तो पाहिला आणि त्याच पत्रकावर बटाटे सोलायला घेतले.

ती अलीकडे बोलत नाही फारशी. काल तुझ्याकडून परत आली ती सरळ वर जाऊन पडली. खाली आली तेव्हा विचारलं, आज गर्दी कशी होती? म्हणाली, "नव्हती." म्हटलं, हवा ढगाळ होती, त्यामुळे असेल. ती म्हणाली, "हो लाम्बेर्ट. हवाच." माझं पूर्ण नाव ती रागावल्याशिवाय घेत नाही.

आज ऊन होतं. आजही नव्हती म्हणे गर्दी.

आपल्याकडे जूनमध्ये लोक समुद्रावर जातात. तू काळजी करू नकोस.

तुझा पा


१३ जुलै, शनिवार

ग्रीट,

तुला आईने आत्तापर्यंत सांगितलंच असेल. मग माझ्याकडूनही ऐक, कारण ती सांगताना मला जरा जास्तच गाढव करेल.

आज सकाळी मी आणि हेर्मान चेरीच्या बागेत कुंपणाआड दबा धरून बसलो होतो. कल्पना माझी, बोल्टवरच्या गोंदावर पान्याचे ताजे ओरखडे दिसले होते म्हणून. घडीच्या खुर्च्या, दुर्बीण, थर्मास, सगळं नेलं होतं. हेर्मानला यायचं नव्हतं. मी म्हटलं, अरे, त्या रस्त्याने तुझी कंबर मोडली आणि हा टवाळ लोकांना त्याच रस्त्यावर पाठवतो, तुला काहीच वाटत नाही? तेव्हा आला, तोंड पाडून.

निळा रेनकोट मी आधी ओळखला नाही. सायकल कुंपणाला टेकली, हँडलची टोपली उतरवली, टोपलीतून पाना काढला, तेव्हा ओळखला. तुझी आई. बोल्ट हलेना. गोंद मीच लावला होता ना. तिने दोन्ही हात लावले, मग अख्खं अंग लावलं, मग जरा थांबून एका हाताने गुडघा चोळला आणि पुन्हा लागली. मी दुर्बिणीतून बघत होतो. चाळीस पावलांवर होती, दुर्बिणीची गरज नव्हती.

"जाऊ दे तिला," हेर्मान म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पाना माझा आहे," तो म्हणाला. "मे महिन्यात मागायला आली. तुझ्या पेटीतला घेतला असता तर तुला कळलं असतं."

"हेर्मान, ट्रकने तुला उडवलंय! तुला!"

"हो ना," तो म्हणाला. "हाड माझं मोडलं आणि भीती तुला बसली. मी त्या रस्त्याने दर रविवारी जातो लाम्बेर्ट, तुझ्या पोरीकडे बिअर प्यायला. हळू जातो, बाजूने जातो, पण जातो."

मी कुंपणाबाहेर आलो. आई दचकलीसुद्धा नाही. मी ओरडलो असेन, मला नीट आठवत नाही. कोणाचा जीव गेला असता तर, असं काहीतरी. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मीही घाबरायचे. दर शनिवारी बाण फिरवायचे आणि दिवसभर तिच्या खिडकीतून रस्ता बघत ट्रे उचलायचे. पण तिचं अंगण रिकामं बघणं मला त्याहून जड जात होतं. तुला ते कधी बघायला लागलं नाही."

मी विचारलं, ग्रीटला हे ठाऊक आहे का?

"नाही," ती म्हणाली. "तिला वाटत होतं, लोक आपणहून येतात. आणि मग तिला वाटलं, लोकांनी आपणहून यायचं सोडलं."

पाना तिने टोपलीत ठेवला आणि तुझ्याकडे निघाली. संध्याकाळ झाली, अजून परतलेली नाही. कपडे आणायला हेर्मानला पाठवलं होतं तिने. मी कपाट उघडून दिलं, कोणता स्वेटर लागेल ते कळेना, म्हणून सगळेच दिले.

बाण सरळच आहे. मला तो तसाच ठेवावा लागतो, हे तुला कळेल का गं?

पा


४ ऑगस्ट, रविवार

प्रिय ग्रीट,

गुरुवारी आईचा फोन आला. तुझा नाही. तू शेजारी उभी असशील असं मला वाटलं, कारण ती "हो, बरी आहे" हे जरा मोठ्याने म्हणाली.

तिने तुला सगळं सांगितल्याचं कळलं. तू आधी खूप हसलीस म्हणे, बोल्टशी झटणारी आई डोळ्यापुढे येऊन. मग स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. त्या बऱ्याच वेळाचा मी इथे बसून विचार करतो. मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं, चांगल्या जागेला बाणाची गरज नसते. ते वाक्य मला परत घेता आलं तर मी घेईन. तू त्या गर्दीच्या भरवशावर नऊ वर्षांचा विचार करायला लागली होतीस, आणि मी वर 'वाढव' म्हटलं.

करार पुढे चालवायचा की सोडायचा हे तुला या महिन्याअखेर सांगायचंय, असंही आई म्हणाली. म्हणून मी परवा नगरपालिकेत गेलो. म्हटलं, चौऱ्याहत्तरच्या खांबावर एक लहानशी पाटी लावू द्या, कॅफे इकडे म्हणून. रस्ता तोच राहू दे, सरळ. फक्त ज्याला हवं त्याला कळावं. तिथली मुलगी गोड होती. म्हणाली, खांबावर जाहिरात चालत नाही, नियम आहे. मी म्हटलं, कोणी केला असला नियम? तिने फाइल उघडून बघितलं आणि अवघडली. तो ठराव खांबांच्या पालकांच्या सभेतच झाला होता. मांडला कोणी होता, हे तिने वाचून दाखवलं नाही, माझ्याकडे बघून फाइल मिटली. तोवर मला आठवलं होतं.

घरात फार शांतता आहे. आईशिवाय पाव कापता येतो पण खाल्ला जात नाही. हेर्मान भेटला की टोपीला हात लावतो, मी परका असल्यासारखा. तो बरोबर असेल, मला नाही माहीत. ट्रक आहेत हे खरं आहे. घेंटच्या त्या पोरांबद्दल लिहिलं होतं, तेही खरं आहे. मी आजही समितीत तेच मत देईन. पण "तो प्रश्न इथे येत नाही" असं म्हणणार नाही. निदान गप्प बसेन, किंवा म्हणेन की हो, माझ्या मुलीचं यात मोठं नुकसान आहे, आणि त्याचं काय करायचं ते आपण सगळे मिळून बघू. हे एवढं म्हणायला काय जात होतं माझं? मला वाटलं, पोरीची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये. कोणीच म्हणालं नसतं. मीच म्हणालो असतो.

करार सोडू नकोस. मी काहीतरी करतो.

तुझा पा


१ सप्टेंबर, रविवार

प्रिय ग्रीट,

हे मावशीच्या पत्त्यावर पाठवतोय. तू आणि आई समुद्रावर तिच्याकडे गेल्याचं कॅफेसमोरच्या बाईंनी सांगितलं. मला ते आज दुपारी कळलं. सकाळी माहीत असतं तर जे झालं ते झालं नसतं.

आज सकाळी मी बाण फिरवला. स्वतःच्या हाताने, गोंद खरवडून. बोल्ट इतका घट्ट होता की मला आईच्या मनगटांची दया आली. बाण डावीकडे केला आणि नारिंगी जाकीट घालून मोठ्या रस्त्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. नाशपातीची तोडणी जोरात आहे, ट्रक रविवारीही थांबत नाहीत. म्हटलं, लोकांना या रस्त्यावर आणायचं तर ट्रक मी अडवीन. पोलिसांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो, देव जाणे. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला हेर्मान येऊन उभा राहिला, काठी आडवी धरून. एका ट्रकवाल्याला त्याने अशा शिव्या घातल्या की तो मान खाली घालून गेला.

आणि माणसं आली, ग्रीट! हवा तर अशी, की घरात कोणी थांबणं शक्य नव्हतं. जोड्या आल्या, लव्हेनहून एक अख्खा क्लब आला, लाल जर्सी घातलेला. एक बाई कुत्र्याला टोपलीत घेऊन आल्या. मी प्रत्येकाला हात करून सांगत होतो, "पुढे वळणाच्या पलीकडे, चेरीच्या झाडाखाली अंगण आहे. टार्ट खाल्ल्याशिवाय जाऊ नका!" असा मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. मला वाटत होतं, आत तुझी तारांबळ उडाली असेल, आई ट्रे घेऊन धावत असेल, आणि तुम्ही दोघी एकमेकींना विचारत असाल, ही एवढी माणसं आली कुठून? मी वळणावरून हललो नाही. मला बघून तुझा हात थांबला असता.

मग लाल जर्सीतला एक जण परत आला. "आजोबा," म्हणाला, "बंद आहे ते."

मी म्हटलं, बाजूच्या दाराने जा, कधीकधी ती पुढचं दार उघडायला विसरते. तो म्हणाला, "नाही हो. कायमचं बंद आहे. दारावर लिहिलंय."

हेर्मानने काठी खाली घेतली. त्याला माहीत नव्हतं, त्याने शपथ घेतली. तो गेल्या रविवारी आला होता तेव्हा तू नेहमीसारखी होतीस, फक्त बिअरबरोबर तू त्याचा गालगुच्चा घेतलास, याचं त्याला नवल वाटलं होतं.

मी सायकल घेऊन तुझ्या दारी गेलो. अंगण माणसांनी भरलेलं होतं. कडेला एकावर एक रचलेल्या खुर्च्या लोकांनीच उतरवून घेतल्या होत्या, स्वतःच्या बाटल्यांतलं पाणी पीत होते. दारावर तुझं अक्षर. 'इतकी वर्षं आलात, आभारी आहे.' मी ते वाचलं. एवढंच होतं, कोणाबद्दल काही नव्हतं. काही असतं तर मला बरं वाटलं असतं.

लोकांनी मलाच धरलं, नारिंगी जाकीट बघून. इथे पाठवलं कोणी? बाण तर इकडेच होता! मी माफी मागितली, त्यांना परत नव्या वाटेवर जायचा रस्ता सांगितला, ट्रकांपासून जपा म्हणालो. हेर्मान त्यांना रस्ता ओलांडून द्यायला गेला. कुरकुर करत सगळे गेले. कुत्रेवाल्या बाई तेवढ्या मागे राहिल्या, कुत्र्याला धाप लागली होती म्हणून. मी नळावरून वाडग्यात पाणी आणून दिलं. मग बसलो, चेरीच्या झाडाखालच्या खुर्चीवर.

"छान जागा होती का हो?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलीची आहे," मी म्हटलं. होती म्हणायला जीभ वळली नाही.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "मग तुम्ही दर रविवारी येत असणार इथे."

ग्रीट, मी एप्रिलपासून आज पहिल्यांदा तुझ्या अंगणात बसलो होतो. बाण सरळ झाला आणि माझी फेरीही सरळ झाली. तुझं दार माझ्या वाटेवर राहिलं नाही, म्हणून मी आलो नाही. कुंपणाआड दुर्बीण घेऊन बसलो, तिथून तुझं अंगण किती लांब होतं? राग आहे तुझा, असं मी स्वतःला सांगत राहिलो. तू मला ये म्हणाली नव्हतीस, पण येऊ नको असंही तू कधी म्हणाली नव्हतीस. ते आई म्हणाली होती, तेही एकदाच, तुझ्या हातात डाव होता तेव्हा. आणि मला ते सोयीचं वाटलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. कुत्रं पाणी पीत होतं.

मी म्हटलं, "हो. दर रविवारी."

तुझा पा